‘बॅकअप यशस्वी’ छापण्याआधी रिटर्न कोड पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत नदीकाठच्या संस्था आपले दप्तर वरच्या मजल्यावर हलवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा ही काळजी घ्यायलाच हवी. पण आता पतसंस्थेची खाती, दूध संस्थेची दहा दिवसांची बिले, हळद-बेदाण्याच्या अडत्यांच्या पट्ट्या हे सगळे कपाटात नसते, संगणकात असते. त्याचा बॅकअप रोज संध्याकाळी एका बटणावर निघतो, पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ अशी हिरवी पाटी येते आणि कर्मचारी पेन ड्राइव्ह काढून कुलूप लावतो. ती पाटी कशाच्या आधारावर येते, हे फार थोड्या ठिकाणी कोणी विचारलेले असते.

बटणामागचा प्रोग्राम स्वतः बॅकअप घेत नाही. तो संगणकावरच्या तयार कमांड चालवतो: डेटाबेसचा डम्प, म्हणजे त्यातला सगळा डेटा एका फाइलीत, काढणारी मायएसक्यूएलडम्प, फाइल दाबून लहान करणारी जीझिप, दुसऱ्या जागी नेणारी आरसिंक, विंडोजवर रोबोकॉपी. प्रत्येक कमांड संपताना मागे एक आकडा ठेवते. त्याला रिटर्न कोड किंवा एक्झिट कोड म्हणतात. लिनक्सवर तो ० ते २५५ च्या दरम्यान असतो, विंडोजवर ३२ बिटांचा. शून्य म्हणजे काम झाले. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी सांगण्यासारखे घडले. टपालाची पोचपावती असते तसा हा आकडा, पण ती पावती हातात घेऊन कोणी वाचायला तर हवी. आपल्या भागात संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारे पुष्कळ तरुण आहेत, मेहनती आहेत. तरीही कमांड चालवली की पुढच्याच ओळीला ‘यशस्वी’ छापायची सवय सर्रास दिसते. ती मोडावी, आणि संस्थाचालकांनी ती मोडून घ्यावी, म्हणून हे पत्र. तपशील तांत्रिक आहे, पण ज्यांनी हे काम करायचे तेही आपले वाचकच आहेत.

सर्वांत जास्त घात होतो तो पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला पुरवणाऱ्या जोडणीत. नेहमीची ओळ अशी असते: डम्पची कमांड, तिचे आउटपुट पाइपमधून जीझिपला, आणि जीझिपचे आउटपुट बाणाच्या खुणेने एका फाइलीत. या साखळीतल्या फक्त शेवटच्या कमांडचा कोड शेल, म्हणजे कमांडची ओळ वाचून ती चालवणारा प्रोग्राम, परत देते. समजा डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि डम्प पहिल्याच पावलाला अडला. त्याने शून्येतर कोड दिला, चूक सांगणारा संदेशही छापला. पण तो कोड साखळीतच विरला. जीझिपला रिकामे इनपुट मिळाले, तिने ते दाबले आणि शून्य परत केले. अशी फाइल अवघी २० बाइटची निघते. जीझिपचा तपासणीचा पर्याय वापरला तरी ती पकडली जात नाही, कारण दाबलेली फाइल म्हणून ती निर्दोष आहे; आत काही नाही एवढेच. डम्प निम्म्यावर तुटला तर आणखी वाईट. फाइल चांगली भरलेली दिसते, आकार पाहून शंका येत नाही, आणि परत भरायची वेळ येते तेव्हा शेवटची टेबले नसतात.

लिनक्सवरच्या नेहमीच्या बॅश शेलमध्ये ‘पाइपफेल’ नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की साखळीत अपयशी ठरलेल्या कमांडपैकी सर्वांत उजवीकडच्या कमांडचा कोड मिळतो. सगळ्या यशस्वी झाल्या तरच शून्य. प्रत्येकीचा कोड वेगळा हवा असेल तर ‘पाइपस्टेटस’ या अ‍ॅरेत (यादीत) तो असतो, मात्र लगेच वाचावा लागतो. इथे एक खाचखळगा आहे. पीएचपी, पायथन किंवा सी या प्रोग्रामिंगच्या भाषांमधून शेलमार्फत कमांड चालवली की ती बॅशकडे न जाता ‘एसएच’ या नावाच्या शेलकडे जाते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ते शेल म्हणजे डॅश, आणि डॅशच्या जुन्या आवृत्त्यांना पाइपफेल कळत नाही. शेल कसे वागावे हे ठरवणाऱ्या पॉझिक्स मानकात तो पर्याय २०२४ च्या आवृत्तीत आला; जुन्या सर्व्हरवर तो असेल असे धरून चालू नये. साखळी लागणारच असेल तर बॅशचे नाव घेऊन स्क्रिप्ट चालवावी.

बॅकअपसाठी पाइप वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डम्प आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलीत काढावा. मायएसक्यूएलडम्पला त्यासाठी ‘रिझल्ट-फाइल’ पर्याय आहे. कोड घ्यावा. शून्य असेल तर फाइलीची शेवटची ओळ पाहावी: डम्प पूर्ण झाला तर मायएसक्यूएलडम्प तिथे ‘डम्प कम्प्लीटेड’ अशी टीप लिहिते, अर्थात टिपा बंद करणारा पर्याय दिलेला नसला तर. मग जीझिप, तिचा कोड. मग दुसऱ्या जागी प्रत, तिचा कोड, आणि दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळतात का ते पाहणे. हे सगळे जमले की तात्पुरते नाव बदलून खरे नाव द्यावे, आणि त्यानंतरच जुना बॅकअप पुसावा. यासाठी डिस्कवर न दाबलेल्या डम्पएवढी जास्तीची जागा लागते. डिस्कच्या आजच्या किमतीत ती परवडते.

खरे नाव शेवटी द्यायचे याला कारण आहे. बाणाच्या खुणेने फाइलीत आउटपुट पाठवताना शेल ती फाइल कमांड सुरू होण्याआधीच रिकामी करते. रोज एकाच नावाने बॅकअप घेणाऱ्या संस्थेत डम्प फसला, तर आजचा मिळत नाही आणि कालचा चांगलाही गेलेला असतो.

आता प्रोग्रामिंगच्या भाषांकडे वळतो, कारण प्रत्येकीची खोड वेगळी आहे.

पीएचपीमधले ‘शेल एक्झेक’ हे फंक्शन कमांडने छापलेला मजकूर देते, कोड देतच नाही. कमांड फसली की नाही हे त्यातून नक्की कळत नाही, म्हणून बॅकअपसारख्या कामाला ते वापरू नये. ‘एक्झेक’ वापरावे आणि त्याचा तिसरा पॅरामीटर द्यावा. कोड त्यात येतो. एक्झेक स्वतः जे परत देते ती आउटपुटची शेवटची ओळ असते, कोड नसतो, आणि अनेक जण तीच तपासत बसतात. दुसऱ्या पॅरामीटरमधला अ‍ॅरे आधीचा असेल तर नव्या ओळी त्याच्या पुढे जोडल्या जातात. दर वेळी तो रिकामा करून घ्यावा, नाहीतर मागच्या कमांडचा मजकूर या कमांडच्या नावावर खपतो.

आपल्याकडे फाइलींची आणि फोल्डरची नावे ‘मार्च अखेर’ अशी असतात, मध्ये मोकळी जागा ठेवून. शेलला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि कमांड भलत्याच फाइलीवर चालते किंवा फसते. पीएचपीत ‘एस्केपशेलआर्ग’ हा त्यावरचा उपाय सांगितला जातो, तो बरोबरही आहे. पण लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) ‘सी’ असेल तर ते फंक्शन देवनागरी अक्षरे नावातून गाळून टाकू शकते. म्हणून आधी ‘सेटलोकेल’ने यूटीएफ-८ चे लोकेल लावावे. त्याहून चांगले म्हणजे शेल मध्ये आणूच नये. पीएचपी ७.४ पासून ‘प्रॉक ओपन’ला कमांड आणि तिचे अर्ग्युमेंट अ‍ॅरेच्या रूपात देता येतात, मग अवतरणचिन्हांचा प्रश्नच उरत नाही.

पायथनमध्ये ‘सबप्रोसेस’ मॉड्यूलमधले ‘रन’ हे फंक्शन ३.५ आवृत्तीपासून आहे. अर्ग्युमेंटची यादी द्यावी, ‘चेक’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवावा. मग शून्येतर कोड आला की प्रोग्राम तिथेच अपवाद (एक्सेप्शन) उभा करून थांबतो. तपासायचे विसरले तरी पुढची ‘यशस्वी’ची ओळ चालत नाही. चेक न देता रन वापरणे म्हणजे कोड मिळूनही न पाहणे. जुने ‘ओएस डॉट सिस्टिम’ मात्र लिनक्सवर थेट कोड देत नाही. ते १६ बिटांची अवस्था देते: वरच्या ८ बिटांत कोड, खालच्या ७ बिटांत कमांड ज्या सिग्नलने (बाहेरून आलेल्या थांबण्याच्या इशाऱ्याने) मेली त्याचा क्रमांक, आणि उरलेला एक बिट कोअर डम्पसाठी, म्हणजे मरताना तिच्या मेमरीची प्रत निघाली का यासाठी. म्हणून कोड १ असेल तर हातात २५६ येतात. आता कोणी ते २५६ जसेच्या तसे आपल्या प्रोग्रामचा एक्झिट कोड म्हणून दिले, तर लिनक्स त्यातले खालचे ८ बिटच ठेवते आणि २५६ चे होते शून्य. आतली कमांड फसली, बाहेर यश पोचले. पर्ल या भाषेतही नेमके हेच घडते. तिथे अवस्था ८ बिट उजवीकडे सरकवून मगच कोड म्हणायचे. पायथनच्या ३.९ आवृत्तीपासून अवस्थेतून कोड काढून देणारे वेगळे फंक्शन आले आहे. याच कारणासाठी ‘किती नोंदी चुकल्या’ ती संख्या एक्झिट कोड म्हणून परत देऊ नये. बरोबर २५६ नोंदी चुकल्या की कोड शून्य होतो. संख्या लॉगमध्ये (कामाच्या नोंदींच्या फाइलीत) लिहावी, कोड १ द्यावा.

सी, पर्ल, पीएचपी या भाषांत शून्य म्हणजे असत्य. कमांडच्या जगात शून्य म्हणजे यश. ‘सिस्टिम चालवा, नाहीतर थांबा’ अशी ओळ पर्लमध्ये वाचायला छान वाटते, पण ती कमांड यशस्वी झाल्यावर थांबते आणि फसल्यावर पुढे जाते. तुलना नेहमी स्पष्टपणे शून्याशी करावी.

जावात ‘प्रोसेसबिल्डर’ने कमांड चालवून ‘वेटफॉर’ने थांबल्यावर कोड मिळतो. थांबण्याआधीच ‘एक्झिटव्हॅल्यू’ विचारली तर अपवाद येतो. पण जावातला मोठा त्रास वेगळा आहे. कमांड जे छापते ते एका पाइपमध्ये साठते, आणि लिनक्सवर त्या पाइपची क्षमता साधारण ६४ केबी असते. प्रोग्राम ते वाचत नसेल तर पाइप भरतो, कमांड लिहिताना अडून बसते, प्रोग्राम ती संपण्याची वाट पाहत बसतो, आणि दोघे तसेच राहतात. थोड्या डेटावर चाचणी घेतली तर हे दिसत नाही. वर्षअखेरीला डेटा वाढला, इशाऱ्यांच्या ओळी वाढल्या की दिसते. आउटपुट आणि एरर एकत्र करून सतत वाचत राहावे, किंवा सरळ लॉग फाइलीत वळवावे. पायथनमध्ये पाइप देऊन नुसते ‘वेट’ केले तरी हाच प्रकार होतो. तिथे ‘कम्युनिकेट’ किंवा रन वापरावे.

अनेक संस्थांत अजून जुन्या व्हिज्युअल बेसिकमधली सॉफ्टवेअर चालतात. त्यातले ‘शेल’ हे फंक्शन कमांड सुरू करून तत्काळ परत येते, संपण्याची वाट पाहत नाही. ते जो आकडा देते तो टास्कचा ओळख क्रमांक असतो. कमांडच्या यशापयशाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे पडद्यावर ‘यशस्वी’ येते तेव्हा बॅकअप कदाचित नुकता सुरू झालेला असतो, आणि कर्मचारी पेन ड्राइव्ह ओढून काढतो. डॉटनेटमध्ये ‘प्रोसेस’ वर्ग आहे: ‘वेटफॉरएक्झिट’, मग ‘एक्झिटकोड’, याच क्रमाने.

विंडोजच्या बॅच फाइलींत ‘इफ एररलेव्हल १’ असे लिहायची जुनी पद्धत आहे. तिचा अर्थ ‘कोड १ किंवा त्याहून जास्त’ असा होतो. एखादा प्रोग्राम मेमरीच्या चुकीने कोसळला तर विंडोज उणे १०७३७४१८१९ असा कोड देते. तो १ पेक्षा लहान आहे, म्हणून ही तपासणी त्याला यश समजते. ‘शून्य नाही’ अशीच तुलना करावी. शिवाय कंसातल्या ओळींमध्ये टक्केचिन्हांत लिहिलेला एररलेव्हल हा कंस वाचला जाताना भरला जातो, आतली कमांड संपल्यावर नाही. म्हणून तिथे जुनाच आकडा दिसतो. तपासणी कंसाबाहेर आणावी किंवा विलंबित विस्ताराचा (डिलेड एक्सपान्शन) पर्याय चालू करावा.

लिनक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये कोड ज्या चलात येतो, तो पुढची कोणतीही कमांड चालताच बदलतो. मध्ये लॉगची एक ओळ छापली की तुम्ही तपासता तो छापण्याच्या कमांडचा कोड. म्हणून कमांडनंतर पहिल्याच ओळीत तो दुसऱ्या नावाने ठेवून घ्यावा. स्क्रिप्टच्या शेवटी ‘झाले’ छापणारी ‘इको’ असेल, तर सगळ्या स्क्रिप्टचा कोड इकोचा होतो, म्हणजे जवळजवळ नेहमीच शून्य. शेवटची ओळ ‘एक्झिट’ असावी, ठेवून घेतलेल्या कोडासह. ‘सेट -ई’ लावले की पहिल्या अपयशाला स्क्रिप्ट थांबते हे खरे, पण ‘इफ’च्या अटीत बोलावलेल्या फंक्शनच्या आत ते लागू होत नाही; त्याच्या भरवशावर तपासणी सोडू नये.

आता दुसरी बाजू. ‘शून्य नाही म्हणजे फसले’ हा नियमही आंधळेपणाने लावून चालत नाही. रोबोकॉपी फाइली नीट उचलून नेल्यावर १ देते. शून्य म्हणजे नेण्यासारखे काही नव्हते. तिचे आकडे बेरजेचे असतात: १ म्हणजे फाइली नेल्या, २ म्हणजे दुसरीकडे जास्तीच्या फाइली आहेत, ४ म्हणजे काही जुळत नाहीत, ८ म्हणजे काही नेता आल्या नाहीत, १६ म्हणजे गंभीर चूक. ७ पर्यंत ठीक, ८ पासून अपयश. ९ आला तर काही गेल्या आणि काही राहिल्या. हे माहीत नसल्याने चांगल्या चाललेल्या बॅकअपवर रोज लाल पाटी येते, मग कोणीतरी वैतागून तपासणीच काढून टाकतो. मजकूर शोधणारी ग्रेप शोधलेला मजकूर सापडला नाही तर १ देते, फाइलच उघडता आली नाही तर २. दोन फाइली ताडणाऱ्या डिफमध्ये १ म्हणजे फरक आहे, २ म्हणजे अडचण. फाइलींचा गठ्ठा बांधणारी टार चालू असताना फाइल बदलली तर १, खरी चूक झाली तर २. आरसिंकमध्ये २४ म्हणजे यादी करताना असलेली फाइल नेताना नाहीशी झाली; चालू फोल्डरवर हे समजण्यासारखे आहे. पण २३ म्हणजे काही भाग पोचलाच नाही, आणि ११ फाइल वाचण्या-लिहिण्यातली चूक, बहुधा डिस्क भरलेली. हे तिन्ही एकाच टोपलीत टाकू नयेत. वापरात असलेल्या प्रत्येक कमांडचे मॅन्युअल उघडावे, एक्झिट स्टेटसचा भाग वाचावा, आणि कोणते कोड चालतील ते प्रोग्राममध्ये नावानिशी लिहावे. यादीत नसलेला कोड आला तर तो अपयशच मानावा.

आणि शून्य आला तरी तो कशाची ग्वाही देतो हे माहीत हवे. छपाईची ‘एलपी’ कमांड शून्य देते ते काम रांगेत घेतल्याबद्दल. पासबुकावर अक्षरे उमटली असे ती म्हणत नाही. कर्लने सर्व्हरवर फाइल चढवताना समोरून ४०४ किंवा ५०० आले, तरी संपर्क झाला म्हणून कर्ल शून्य देते. ‘फेल’ पर्याय दिला तर २२ येतो. नाव सापडले नाही तर ६, जोडणी झाली नाही तर ७, वेळ संपली तर २८. एसएसएचने दूरच्या यंत्रावर कमांड चालवली तर तिथल्या कमांडचा कोड इकडे येतो, आणि जोडणीतच बिघाड असेल तर २५५. पेन ड्राइव्हवर प्रत करताना लिनक्समध्ये ‘सीपी’ शून्य देऊन मोकळी होते तेव्हा डेटा अजून मेमरीत असू शकतो. ‘सिंक’ चालवून, ड्राइव्ह अनमाउंट करून, त्याही कमांडचा कोड शून्य आला की मगच ‘काढा’ असे सांगावे. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर मावतच नाही. प्रत तिथे अडते आणि सीपी १ देते. बॅकअप वर्षानुवर्षे वाढत त्या आकड्यापाशी पोचतो, आणि कोड न पाहणाऱ्या संस्थेत त्या दिवसापासून पूर्ण बॅकअप होत नाही.

कमांड स्वतः संपली नाही, तिला मारले गेले, तर शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून कोड दाखवते. १३० म्हणजे कोणीतरी कंट्रोल-सी दाबले. १४३ म्हणजे टर्म सिग्नल, बहुधा यंत्र बंद होत असताना. १३९ म्हणजे प्रोग्राम मेमरीच्या चुकीने कोसळला. १३७ म्हणजे किल सिग्नल, आणि कमी रॅमच्या सर्व्हरवर तो आला तर मेमरी संपल्याने लिनक्सच्या कर्नलनेच कमांड मारली असा पहिला संशय घ्यावा. कर्नलच्या लॉगमध्ये तशी नोंद सापडते. पायथनचे सबप्रोसेस अशा वेळी उणे क्रमांक देते, म्हणजे १३७ च्या जागी उणे ९. ‘कोड शून्यापेक्षा मोठा असेल तर चूक’ असे लिहिले तर हे मृत्यू यशात मोजले जातात.

१२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा परवानगीअभावी. विंडोजच्या बॅच फाइलीत न सापडलेल्या कमांडला ९००९ येतो. हाताने चालवली की चालते आणि रात्री क्रॉनमधून (लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) १२७ देते, ही तक्रार फार ऐकू येते. क्रॉनला तुमच्या लॉगिनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या ठिकाणांची यादी, मिळत नाही. सहसा त्याच्याकडे दोनच ठिकाणे असतात, ‘यूएसआर’मधले ‘बिन’ आणि मुळातले ‘बिन’. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. शेल न वापरता चालवली तर १२७ येत नाही, थेट अपवाद येतो किंवा उणे १ मिळतो, तोही पकडावा. चाइल्ड प्रोसेस (प्रोग्रामने सुरू केलेले काम) संपल्याचा सिग्नल प्रोग्रामने दुर्लक्षित ठेवला असेल, तर कमांड नीट चालूनही सी आणि पर्लमधले ‘सिस्टिम’ उणे १ देते, कारण कोड गोळा करायला काही उरलेलेच नसते. सर्व्हर म्हणून सतत चालणाऱ्या प्रोग्रामांत हे हमखास सापडते.

कधीच न संपणाऱ्या कमांडला कोड नसतो, म्हणून वेळेची मर्यादा हवी. लिनक्सच्या ‘टाइमआउट’ कमांडने मर्यादा ओलांडली की १२४ मिळतो. पायथनच्या रनमध्येही मर्यादा देता येते; मात्र कमांड शेलमार्फत चालवली असेल तर शेल मरते आणि आतला डम्प चालूच राहू शकतो. हे शेल टाळण्याचे आणखी एक कारण.

कोड घेतला, अर्थ लावला, पण तो माणसापर्यंत पोचला नाही तर सगळे वाया. क्रॉन कोड पाहत नाही. कमांडने काही छापले तरच मेल पाठवते, आणि ती मेल कोणी वाचते का हा पुढचा प्रश्न. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये कोड ‘लास्ट रन रिझल्ट’ या रकान्यात मुकाट पडून राहतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामरांची कामे साठवणाऱ्या गिटलॅब या प्रसिद्ध सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तेव्हा तो नव्हताच: डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि डम्प काढणारी कमांड ९.२ ची चालत होती, त्यामुळे ती दर वेळी चूक सांगून थांबत होती. ती चूक कळवणाऱ्या मेल निघत होत्या, पण मेलच्या सहीपडताळणीत अडून नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. ही हकिगत त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिली आहे, आणि तज्ज्ञांनी भरलेल्या कंपनीत हे होऊ शकते तर तालुक्याच्या पतसंस्थेत नक्कीच होऊ शकते. म्हणून अपयशाच्या संदेशावर विसंबण्यापेक्षा, यश आल्यावर दुसऱ्या यंत्रावर वेळेची नोंद करावी आणि २६ तासांत नवी नोंद आली नाही तर त्या दुसऱ्या यंत्राने बोंब मारावी. पहिले यंत्र पाण्यात गेले तरी ही सूचना मिळते.

संस्थांच्या संचालकांना विनंती अशी की देखभालीचा करार नवा करताना त्यात दोन अटी लेखी घालाव्यात: बॅकअपच्या प्रत्येक पायरीचा रिटर्न कोड तारीख-वेळेसह लॉगमध्ये लिहिला जाईल, आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर भरून दाखवला जाईल. लेखापरीक्षकांनीही तो लॉग मागावा. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते, साताऱ्यातही महाविद्यालये आहेत. तिथल्या प्रात्यक्षिकांत कमांड चालवणारा प्रोग्राम चालला की जर्नलवर सही होते. तीच कमांड मुद्दाम फसवून प्रोग्राम काय करतो हे पाहिल्याशिवाय सही देऊ नये, असे अध्यापकांना सुचवावेसे वाटते.

कसे फसवायचे तेही सांगतो, कारण संस्थेतही ही चाचणी एका दुपारी होते. खऱ्या डेटावर नको, प्रतीवर करावी. डम्पच्या कमांडचे नाव बदलून बटण दाबा. नाव पूर्ववत करून डेटाबेसचा चुकीचा पासवर्ड द्या आणि पुन्हा दाबा. मग बॅकअपची जागा जवळजवळ भरून टाका. मग बॅकअप चालू असताना डम्पची प्रोसेस किल सिग्नलने मारा. मग नेटवर्कची केबल काढा. पाचही वेळा लाल पाटी यायला हवी, लॉगमध्ये वेगळा कोड दिसायला हवा, आणि कालची चांगली फाइल जागेवर असायला हवी. एकदा जरी हिरवी पाटी आली, तर ते सॉफ्टवेअर करणाऱ्याला त्याच दिवशी बोलावून घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत रोजचा डम्प हाताने काढून त्याची शेवटची ओळ वाचत जा.

आपला,
एक संगणक अभियंता,
विश्रामबाग, सांगली